खोट्या संघांचे खरे गाव

सॅनफ्रान्सिस्को पाहावयास निघालेला मराठी माणूस ओकलंडला सहसा उतरत नाही. खाडीच्या अलीकडच्या काठावर हे गाव पसरलेले आहे. बे ब्रिजवर मोटार चढली की डाव्या हाताला बंदरातल्या उंच पांढऱ्या याऱ्या दिसतात, कोणीतरी 'हे ओकलंड' म्हणते, आणि सगळ्यांच्या माना लगेच समोरच्या काठावरील उत्तुंग इमारतींकडे वळतात. मुंबई पाहायला आलेला पाहुणा कल्याणला प्रेक्षणीय स्थळे शोधीत हिंडत नाही, त्यातलाच हा प्रकार. शिवाय गावाची कीर्तीही फारशी बरी नाही. 'तिकडे मोटारीत पिशवी ठेवून उतरू नका', हा उपदेश मला चार दिवसांत पाच जणांनी केला.

अशा या गावात २०२५ च्या ऑगस्टात मी एक अख्खा शनिवार काढला, आणि तोही एका अशा खेळापायी की जो खेळताना कोणी धावत नाही, कोणाला घाम येत नाही आणि चेंडूला तर हातसुद्धा लागत नाही. या खेळाचे नाव 'फँटसी फुटबॉल'. अमेरिकेत तो कोट्यवधी माणसे खेळतात. त्याचे जन्मगाव हे ओकलंड.

माझा भाचा गेली पंचवीस वर्षे त्या मुलखात आहे. फ्रीमाँटला त्याचे घर आहे. तो आणि त्याचे नऊ मित्र मिळून हा खेळ २००२ सालापासून खेळत आले आहेत. दहा जणांत कोणी पुण्याचा, कोणी डोंबिवलीचा, एक सोलापूरचा, दोघे तमिळ आणि एक बंगाली. त्या वेळी हे सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे, सनीव्हेलच्या एका भाड्याच्या जागेत आणि तिच्या शेजारीपाजारी राहणारे. आज सगळे पन्नाशीला टेकले आहेत. त्यांनी आपल्या मंडळीला, म्हणजे तिकडच्या भाषेत 'लीग'ला, जे नाव ठेवले आहे ते मी येथे देत नाही. कारण ते चारचौघांत सांगण्यासारखे नाही.

खेळ काय आहे तो आधी सांगतो. समजा, आपण दहा जण पारावर बसलो आहोत आणि क्रिकेटची मालिका सुरू व्हायची आहे. पहिल्याने एका खेळाडूचे नाव घेतले. तो खेळाडू त्याचा झाला. दुसऱ्याने दुसरे नाव घेतले. दहाव्यापर्यंत जाऊन फेरी उलट फिरली, म्हणजे शेवटच्यावर अन्याय नको. अशा पंधरासोळा फेऱ्या झाल्या की प्रत्येकाचा एकेक कागदी संघ तयार होतो. पुढे खऱ्या मैदानावर तो खेळाडू जितक्या धावा काढील तितक्या तुमच्या. अमेरिकन फुटबॉलमध्ये याचे कोष्टक ठरलेले आहे: चेंडू घेऊन दहा यार्ड पळाला की एक गुण, पलीकडच्या रेषेपार नेला, म्हणजे 'टचडाउन' झाला, की सहा, फेकून दुसऱ्याकरवी टचडाउन करविला तर फेकणाऱ्याला बहुधा चार. दर आठवड्याला एका मित्राचा कागदी संघ दुसऱ्याच्या कागदी संघाशी भिडतो. सप्टेंबरात सुरू होऊन नाताळनंतर निकाल लागतो. नावे निवडण्याच्या या समारंभाला 'ड्राफ्ट' म्हणतात, आणि सगळा हिशेब व भांडणे सांभाळणाऱ्याला 'कमिशनर'. पदवी मोठी भारदस्त, काम मात्र आपल्याकडच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीदाराचे! माझा भाचा तेवीस वर्षे कमिशनर आहे.

पैशांची गोष्ट येथेच संपवून टाकतो, कारण वाचकांच्या मनात ती आली असणार. आपल्या संसदेने २०२५ च्या त्याच ऑगस्ट महिन्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. या दहा जणांची वर्गणी माणशी वीस डॉलर होती, आणि जिंकणाऱ्याने ती पुढच्या जेवणात उडवायची असा दंडक होता. त्यांची खरी ईर्षा होती एका तांब्यापायी. पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला ठोक्याचा, तांब्याचाच तांब्या. त्यावर दरवर्षी विजेत्याचे नाव कोरायचे, जसे आपण भांड्यावर घालून घेतो तसे. हिवाळ्यात कोणीतरी देशी जायचेच. तो तांब्या नेई, नाव घालून आणी.

मी फ्रीमाँटला पोचलो तेव्हा तो तांब्या मोटारीच्या खोलीत, एका जुन्या सायकलीमागे पडलेला होता. त्यावर शेवटचे नाव २०२१ चे. पुढच्या तीन विजेत्यांची नावे घातलीच नव्हती. कोणी विचारलेही नव्हते.

* * *

अशा मंडळ्या कशा मोडतात याचे मला जुने कुतूहल आहे. भांडून मोडणाऱ्या थोड्या. बहुतेक नुसत्या विरघळतात. भाच्याने मला सगळा इतिहास सांगितला, आणि त्यात खलनायक कोणी सापडेना.

या मंडळींनी हा खेळ धरला त्याचे कारण मोठे साधे होते. सोमवारी सकाळी कचेरीत सगळे आदल्या दिवशीच्या सामन्यांवर बोलत, आणि हे दोघेचौघे चहाचा पेला घेऊन मुक्याने उभे राहत. खेळ समजून घ्यायचा तर त्यात आपले काहीतरी अडकलेले हवे, म्हणून लीग काढली. दोनतीन वर्षांत खेळ समजला, आणि समजल्यावरही लीग राहिली. एकेकाची लग्ने झाली, मुले झाली. एक सिएटलला गेला, एक टेक्ससात ऑस्टिनला, एक सॅक्रामेंटोला. एक सगळे आवरून पुण्याला परतला. कॅलिफोर्नियातले रविवारचे सामने सकाळी दहाला सुरू होतात, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. तो बिचारा सोमवारी पहाटेपर्यंत जागून आपला संघ सांभाळीत असे.

मग एकेक धागा सुटत गेला. पूर्वी ड्राफ्टच्या आधी प्रत्येक जण दुकानातून एक मासिक आणी आणि ते इतरांपासून लपवून ठेवी. पुढे फोनवर सगळ्यांना एकाच शहाण्याचा एकच सल्ला दिसू लागला. सगळे तेच वाचीत आणि तेच करीत, तेव्हा वाद कशावर घालायचा? मग ड्राफ्टला जमणे बंद झाले. जो तो आपापल्या घरून नावे टिपू लागला. पुढे तेही जमेना तेव्हा यंत्रच ज्याच्या त्याच्या वतीने नावे उचलू लागले. २०२४ च्या ड्राफ्टला दहापैकी चार जण हजर, सहांचे संघ यंत्राने केले. ऑक्टोबरात तिघांनी आपल्या संघाकडे पाहणे सोडले. त्यांचे खेळाडू पाय मोडून घरी बसलेले, आणि कागदावर मात्र मैदानात उभे!

यात हरतो तो एकटाच असे नाही, आणि खेळाची खरी मेख येथेच आहे. ज्याने संघ लावला नाही त्याच्याविरुद्ध ज्याचा सामना असेल त्याला फुकटचा विजय मिळतो. आणि त्यामुळे जो तिसरा प्रामाणिकपणे खेळत असतो तो मागे पडतो. मग त्यालाही वाटते की कशाला जागा? भिशीचे असेच असते. एकाने हप्ता चुकविला की उरलेल्यांना पैशाचे दुःख कमी आणि आपण मूर्ख ठरल्याचे अधिक.

"या वर्षी बंद करतो, मामा," भाचा म्हणाला. "पण बंद करायचं तर नीट करू. सगळ्यांना एकदा बोलावतो. जिथे हा खेळ जन्मला तिथेच शेवटचा ड्राफ्ट करू. तुम्हीही चला."

* * *

फ्रीमाँटहून आम्ही सकाळीच निघालो, ते आगगाडीने. या भागातल्या विजेच्या गाड्यांना 'बार्ट' म्हणतात. त्या १९७२ साली सुरू झाल्या. तांब्या माझ्या मांडीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. निम्म्याहून अधिक वाट सरली की उजाड मालगोदामांच्या रांगेत एकाएकी राखी काँक्रीटची एक प्रचंड वाटोळी वास्तू दिसते. तिचे नाव कोलिझियम. १९६६ साली ती उघडली, आणि पुढची अनेक दशके ओकलंडचा प्राण तेथे होता.

या गावाचे दुःख समजून घ्यायचे असेल तर गाडीच्या खिडकीतून ही वास्तू पाहावी. येथे रेडर्स नावाचा फुटबॉलचा संघ खेळे. १९८२ साली तो लॉस एंजेलिसला निघून गेला, १९९५ साली परत आला, आणि २०२० साली लास व्हेगासला गेला तो कायमचा. शेजारच्या बंदिस्त मैदानात वॉरियर्स हा बास्केटबॉलचा संघ होता. तो २०१९ साली खाडी ओलांडून सॅनफ्रान्सिस्कोला गेला. बेसबॉलचा 'एज' संघ १९६८ पासून होता; त्याने २६ सप्टेंबर २०२४ रोजी येथला शेवटचा सामना खेळला. पाचेक वर्षांत तीन संघ गेले. मालकांना नवी मैदाने हवी होती, गावाला ती बांधून देणे झेपत नव्हते किंवा पटत नव्हते. दोष कोणाचा यावर आमच्या डब्यातल्या एका म्हाताऱ्या उतारूने, न विचारता, कोलिझियम स्टेशनपासून पुढच्या फ्रूटव्हेल स्टेशनापर्यंत व्याख्यान दिले. त्याच्या डोक्यावर एजची हिरवी टोपी होती. संघ गेला, टोपी राहिली.

लेक मेरिट स्टेशनावर आम्ही उतरलो. पहिले तीर्थ तेथून हाकेच्या अंतरावर होते. ते म्हणजे लेनी कॉलेजच्या मोटारी उभ्या करण्याची जागा! हमरस्त्याच्या कडेला पांढऱ्या पट्ट्या मारलेले एक डांबरी पटांगण, दुसरे काही नाही. पण १९६२ ते १९६५ अशी चार वर्षे येथे फ्रँक यूएल फील्ड नावाचे बावीस हजार प्रेक्षकांचे कामचलाऊ मैदान होते, आणि त्यावर रेडर्स खेळत. हे यूएल गावचे नगरसेवक, आणि धंद्याने अंत्यविधीची व्यवस्था करणारे. त्यांच्या नावाच्या मैदानावर संघ उतरला आणि त्या पहिल्याच वर्षी चौदांपैकी तेरा सामने हरला. ओकलंडचे लोक तेव्हा काय काय बोलले असतील याची कल्पना पुणेकराला करून द्यावी लागत नाही.

या तेरा पराभवांतूनच हा खेळ जन्मला. १९६२ च्या त्या मोसमात संघ पूर्व किनाऱ्याच्या लांबलचक दौऱ्यावर होता. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिघे जण बसले: संघातले एक भागीदार विल्फ्रेड विंकेनबाख, संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहणारे बिल टनेल, आणि 'ओकलंड ट्रिब्यून'चे बातमीदार स्कॉटी स्टर्लिंग. विंकेनबाख यांचा धंदा फरशांचा. त्यांना असल्या कागदी खेळांचा जुना नाद. गोल्फच्या खेळाडूंचे असेच गट पाडून, ज्याच्या गटाचे फटके कमी तो जिंकला, असा एक खेळ त्यांनी आधी चालविला होता. आपला संघ तर रोज हरतो आहे, मग निदान दुसऱ्यांच्या संघांतले चांगले खेळाडू आपले म्हणावेत, अशा विचाराने त्या रात्री फुटबॉलचे नियम कागदावर उतरले. परत आल्यावर मंडळी वाढली आणि ऑगस्ट १९६३ मध्ये विंकेनबाख यांच्या घराच्या तळघरात पहिला ड्राफ्ट झाला. आठ संघ, प्रत्येकी वीस खेळाडू.

त्या मंडळाचे नाव मोठे बहारदार आहे: 'ग्रेटर ओकलंड प्रोफेशनल पिगस्किन प्रॉग्नॉस्टिकेटर्स लीग'. मराठीत सांगायचे तर 'बृहत् ओकलंड व्यावसायिक डुक्करकातडे भविष्यवेत्ते मंडळ'. अमेरिकन लोक आपल्या अंडाकृती चेंडूला डुकराचे कातडे म्हणतात. प्रत्यक्षात तो गाईच्या कातड्याचा असतो. सभासद होण्याच्या अटीही मासलेवाईक होत्या. एक तर तुमचा त्या फुटबॉल संघटनेच्या कारभाराशी संबंध हवा, नाहीतर तुम्ही फुटबॉलवर लिहिणारे पत्रकार हवेत, नाहीतर १९६३ सालासाठी रेडर्सची मोसमाची दहा तिकिटे तुम्ही घेतलेली अथवा खपविलेली हवीत. म्हणजे खेळ खोटा असला तरी गावच्या खऱ्या संघासाठी झिजल्याशिवाय प्रवेश नाही!

पहिले नाव घेण्याचा मान स्टर्लिंग आणि त्यांचे जोडीदार अँडी मूसालिमस यांना मिळाला. त्या काळी जिम ब्राऊन नावाचा बलदंड धावणारा सर्वांत मोठा मानला जाई. या दोघांनी त्याला सोडून ह्यूस्टनच्या जॉर्ज ब्लांडाचे नाव घेतले. नियतीची गंमत अशी की हाच ब्लांडा १९६७ साली खरोखरीच ओकलंडला आला आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत रेडर्सकडून खेळला. कागदावर आधी आला, मैदानावर मागून.

* * *

दुसरे तीर्थ पीडमाँट अॅव्हेन्यू. सॅक्रामेंटोहून आलेल्या मित्राने आम्हांला मोटारीत घेतले आणि दहा मिनिटांत आणून सोडले. हा रस्ता मला फार आवडला. दोन्ही बाजूंना बैठी दुकाने, पुस्तके, भाजी, एक जुने चित्रपटगृह, आणि फेंटन्स हे आइसक्रीमचे दुकान, जे १८९४ पासूनचे घराणे सांगते. रस्ता सरळ चढत जातो आणि टेकडीच्या पायथ्याशी एका विस्तीर्ण स्मशानभूमीत संपतो. तिची आखणी फ्रेडरिक लॉ ओमस्टेड यांनी केली. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क करणारे तेच हे. आमच्यातला बंगाली मित्र म्हणाला, "खाणे, पिणे, सिनेमा आणि शेवट, सगळे एका रस्त्यावर. सोय आहे."

या रस्त्यावर मूसालिमस यांचा 'किंग्ज एक्स' नावाचा बार होता. १९६९ साली त्यांनी हा खेळ तळघरातून काढून आपल्या गिऱ्हाइकांपुढे मांडला, आणि तेथून तो गावभर झाला. कारकून, गोदीकामगार, शिक्षक, ज्याला हौस असेल त्याने यावे. आज बारचे नाव बदलले आहे आणि थाट हवाई बेटांचा आहे. आम्ही गेलो तेव्हा सकाळचे साडेदहा, दार बंद. सात प्रौढ गृहस्थ आणि मी, तांब्या हातात घेऊन एका बंद दारूच्या दुकानासमोर फोटो काढून घेत होतो. जाणाऱ्या एका बाईने कुत्र्याची दोरी आखडून घेतली आणि रस्ता ओलांडला.

तेथेच, दारासमोर, भाच्याने त्यांना मूळ मंडळाची आणखी एक चाल सांगितली. विंकेनबाख यांनी शेवटच्या क्रमांकासाठी मुद्दाम एक लाकडी चषक केला होता: फुटबॉलचे तोंड, आणि त्यावर ढ मुलाला घालतात ती टोपी. जो तळाला जाईल त्याने तो वर्षभर आपल्या बैठकीच्या खोलीत दर्शनी ठेवायचा.

"म्हणजे त्यांना पहिल्याची काळजी नव्हती," सोलापूरचा म्हणाला. "शेवटच्याची होती."

"पहिला काय, येतोच," भाचा म्हणाला. "पळतो तो शेवटचा."

* * *

ड्राफ्ट लेक मेरिटच्या काठी होता. नाव सरोवर असले तरी पाणी खारे आहे. खाडीची भरती-ओहोटी येथवर येते. १८७० साली येथे पाखरांसाठी अभयारण्य झाले, आणि या देशातले ते पहिले मानतात. भोवती साडेपाच किलोमीटरची पायवाट, तिच्यावर धावणारी, चालणारी, बाळगाड्या ढकलणारी नाना वर्णांची माणसे. हिरवळीवर कॅनडा हंसांचे थवे असे काही चरत होते की जागा त्यांचीच आणि आपण भाडेकरू. दोन लाकडी मेजे धरून आम्ही बसलो. वेळ दुपारी बाराची ठरली होती, कारण त्या वेळी पुण्यात रात्रीचे साडेबारा वाजतात आणि पुण्याच्या मित्राला फोनवर जागता येते.

दहांपैकी सात जण आले होते. आठवा फोनवर. नवव्याने, तमिळ मित्रांपैकी एकाने, चार ओळींचा निरोप धाडला होता: माझी आवड संपली, राग नाही, मला मोकळे करा. तो वाचल्यावर क्षणभर शांतता झाली. मग सिएटलचा म्हणाला, "निदान सांगितलं तरी." ते खरे होते. तीन वर्षे न सांगता जे चालले होते त्यापेक्षा हे कितीतरी बरे.

दहाव्याचे काहीच उत्तर नव्हते. वर्षभरापूर्वी त्याची नोकरी गेली होती. एका मोठ्या कंपनीने एका सकाळी पत्र पाठवून शेकडो माणसे कमी केली, त्यांत हा. तेव्हापासून त्याने सगळ्यांना टाळले. मंडळींनी फोन केले होते, पण काय बोलायचे हे ना यांना सुचे ना त्याला. पूर्वी दर सोमवारी 'काय, हरलास ना!' एवढ्यावर तरी संभाषण होई. लीग ढिली पडली आणि ते निमित्तही गेले. मला वाटते, पुरुषांच्या मैत्रीला असले काहीतरी फालतू निमित्त लागतेच. बायका एकमेकींना 'बरी आहेस ना?' असे सरळ विचारतात. पुरुष विचारतो, 'तुझ्या त्या क्वार्टरबॅकचा खांदा कसा आहे?' आणि उत्तर ऐकताना मित्राचा आवाज ऐकून घेतो.

ऑस्टिनचा म्हणाला, "हे सगळं कशाला? खेळ सोडू. वर्षातून एकदा जेवायला भेटू."

"जेवायला बोलावलं तर तू येणार नाहीस," भाचा शांतपणे म्हणाला. "मुलीची परीक्षा असेल, विमान महाग असेल. मी तुला हरवलं म्हणून सांगितलं तर मात्र येशील."

यावर सगळे हसले, ऑस्टिनचाही. आणि मग शेवटच्या ड्राफ्टसाठी जमलेली मंडळी कोणीही ठराव न मांडता पुढच्या वर्षाचे नियम बोलू लागली. संघ दहाऐवजी आठ करावेत. मूळ लीगमध्ये स्टर्लिंग आणि मूसालिमस जोडीने खेळत, तशी जोडी चालावी. म्हणजे एकाला सवड नसली तर दुसऱ्याने पाहावे. पुण्याचा आणि सॅक्रामेंटोचा यांनी लगेच जोडी जमविली. बायकामुलांनाही जोडीदार होता येईल असे ठरले. तळाला जाईल त्याने पुढच्या ऑगस्टात सगळ्यांना आपल्या गावी बोलावून जेवू घालायचे. फोन बाजूला ठेवून नावे कागदावर लिहायची.

"मामा, तुमच्या भिशीत हप्ता चुकवला तर काय करतात?" सोलापूरच्याने मला विचारले.

मी म्हटले, आमच्यात पैसे आधीच घेऊन ठेवतात. त्यावरून हिशेब निघाला. प्रत्येक संघाने वर्गणीखेरीज अनामत ठेवायची. सतरा आठवडे; ज्या आठवड्यात संघ नीट लावला त्याचे तीन डॉलर परत, न लावला तर ते जेवणखात्यात जमा. सतरा त्रिक एकावन्न! हा आकडा निघताच मराठी मंडळी अशी खूष झाली की नियम तत्काळ मंजूर झाला. तमिळ मित्राला एकावन्नाचे मर्म समजावून द्यावे लागले.

चिठ्ठ्या तांब्यात घालून एका लहान मुलीकरवी काढविल्या. सात संघ झाले. आठव्याचे काय, यावर बोलणे चालले असतानाच पायवाटेवरून एक उंच मुलगा सायकल हातात धरून आमच्याकडे येताना दिसला. तो त्या दहाव्याचा मुलगा. शेजारच्या बर्कलीला कॉलेजात शिकतो. त्याने सगळ्यांना नमस्कार केला, खिशातून वहीचा एक चौघडी कागद काढला आणि म्हणाला, "बाबांनी दिलाय."

कागदावर खेळाडूंची नावे होती. नीट आकडे घातलेली, काही खोडलेली, काही बाणाने वर सरकविलेली. एक रात्रभर तरी तो मनुष्य त्यावर बसला असला पाहिजे. निरोप दुसरा काही नव्हता.

कोणी काही बोलले नाही. भाच्याने आठवी चिठ्ठी लिहिली, तांब्यात टाकली आणि पुन्हा सगळ्या चिठ्ठ्या काढावयास लावल्या. मुलाला पाचवा क्रमांक आला. पुढचे तीन तास मी जे पाहिले ते वर्णन करणे कठीण आहे. पन्नाशीचे हे इंजिनियर एकेका नावावर टेबले बडवीत होते, 'तो माझा होता!' म्हणून कपाळाला हात लावीत होते, फोनवरून पुणे ओरडत होते आणि हंस दचकून पाण्यात उतरत होते. मुलगा वडिलांच्या कागदाबरहुकूम नावे घेत होता. अकराव्या फेरीत मात्र त्याने कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या मनाने एक नाव घेतले. सगळे हसू लागले. ते नाव म्हणे अगदीच टाकाऊ होते. तो लाजला, पण बदलेना. संध्याकाळी घरी परतताना भाच्याला त्याच्या वडिलांचा फोन आला. तेरा महिन्यांतला पहिला. "तू तिथे असताना त्याला ते नाव कसं घेऊ दिलंस?" एवढेच ते रागाने विचारीत होते. भाच्याने मोटार कडेला घेतली आणि दोघे पाऊण तास बोलत राहिले.

* * *

ओकलंडबद्दल आणखी थोडे सांगावयाचे आहे. तीन संघ गेल्यावर गाव खेळ विसरले असेल असे मला वाटले होते. तसे नाही. गावकऱ्यांनी बॉलर्स नावाचा एक छोटा बेसबॉलचा संघ काढला, आणि २०२४ पासून तो पश्चिम ओकलंडच्या रायमंडी पार्कमध्ये खेळतो. त्यात सामान्य प्रेक्षकांनाही भाग विकत घेता आले. रूट्स या फुटबॉलच्या, म्हणजे आपल्याला कळणाऱ्या पायाने खेळायच्या फुटबॉलच्या संघाने २०२५ साली त्याच जुन्या कोलिझियममध्ये सामने खेळले. मोठ्यांच्या मानाने हे संघ लहान आहेत. पण लोक जातात, ओरडतात. संघाचा मालक गावाबाहेर जाऊ शकतो. प्रेक्षकाला मात्र शनिवारी कोठेतरी जाऊन बसावेच लागते.

सप्टेंबरच्या मध्यावर मी पुण्यास परतलो. हे लिहीपर्यंत मोसमाचे चार आठवडे झाले आहेत. जेवणखात्यात सहा डॉलर जमले, म्हणजे दोनदाच कोणाचा तरी संघ लावायचा राहिला. मुलाने हट्टाने घेतलेला खेळाडू अद्याप मैदानात उतरलेला नाही. त्यावरून बापलेकांत दर रविवारी फोनवर जुंपते, असे भाचा सांगतो.

तांब्या माझ्याबरोबर आला आहे. परवा मी तो घेऊन भांड्यांच्या दुकानात गेलो. नाव घालणाऱ्याने तो फिरवून पाहिला, जुनी नावे वाचली आणि विचारले, "एका घरातलेच का सगळे?" मी तीन वर्षांची तीन नावे कागदावर लिहून दिली. त्याने ती घातली, आणि खाली बोट ठेवून म्हणाला, "जागा अजून पुष्कळ आहे. अक्षर जरा बारीक धरलं तर वीसेक नावं सहज बसतील."

मी म्हटले, बारीकच धरा.